गोळीने कमी, आजाराने जास्त : मेसोपोटेमियातील हिंदी फौज, १९१४-१८

दप्तरदार

लष्करी इतिहासावर बोलताना आपण सेनापती, डावपेच आणि तोफखाना यांत रमतो. फौजेचे आजारपण मात्र एखाद्या तळटीपेत उरकले जाते. वस्तुतः विसावे शतक उजाडेपर्यंत बहुतेक मोठ्या युद्धांत शत्रूच्या हत्यारांपेक्षा हगवण, विषमज्वर (टायफॉइड), पटकी (कॉलरा) आणि उवांमुळे पसरणारा टायफस यांनीच अधिक शिपाई मारले होते. बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश फौजेतील सुमारे ८ हजार माणसे एकट्या विषमज्वराने गेली. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर ब्रिटिशांनी लसीकरण, क्लोरीन घातलेले पाणी आणि शौचकूपांची कडक शिस्त यांच्या जोरावर हे प्रमाण उलटवून दाखवले, आणि तिथे रोगाने मेलेल्यांची संख्या लढाईत मेलेल्यांच्या मानाने फार कमी राहिली.

याच वर्षांत, याच साम्राज्याच्या दुसऱ्या फौजेची मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, काय गत झाली हे पाहिले की या यशाचा खरा अर्थ कळतो. त्या मोहिमेत लढाईत व जखमांनी मिळून साधारण १५ हजार माणसे मेली, तर रोगाने मेलेल्यांची संख्या १६ हजारांच्या वर गेली. आणि आजारपणामुळे इस्पितळात दाखल होण्याचे प्रसंग ८ लाखांहून अधिक नोंदले गेले. एकच माणूस वर्षातून तीनतीनदा दाखल होत असल्यामुळे हा आकडा एवढा फुगलेला दिसतो, हे खरे. पण फौज कामाला किती उरत होती याची कल्पना त्यावरून येते.

ही मोहीम लंडनने नव्हे, तर हिंदुस्थान सरकारने सुरू केली होती. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओ येथे उतरलेली फौज ही सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तीन मराठा पलटणी होत्या, आणि मुंबई हे तिचे मुख्य बंदर होते. बसरा, अमारा आणि कूत एकामागून एक हाती आल्यावर, बगदादच्या मोहाने जनरल टाउनशेंड यांची ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत गेली. पाठीमागे रेल्वे नव्हती आणि धड रस्ता नव्हता. शेकडो मैलांचा सगळा पुरवठा मोजक्या आगबोटींवर चालला होता. जी बोट पीठ आणि दारूगोळा घेऊन वर जाई, तीच परतीच्या फेरीत जखमी घेऊन खाली येई. रुग्णांसाठी वेगळी बोट मागितली की सिमल्याहून, म्हणजे हिंदुस्थान सरकारकडून, काटकसरीचा उपदेश येई.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली. वैद्यकीय तयारी त्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. जखमींना नदीपर्यंत आणायला ज्या गाड्या मिळाल्या त्या खेचरे जोडलेल्या, दोन चाकी, बिनस्प्रिंगच्या मालगाड्या होत्या. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला त्यातून काही मैल नेणे म्हणजे काय, हे लिहून सांगण्याची गरज नाही. तिथून पुढचा प्रवास मेजिदिये नावाच्या बोटीवर आणि तिला जोडलेल्या लोखंडी तराफ्यांवर झाला. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर बसऱ्याला एका इस्पितळी जहाजावर होते. त्यांनी चौकशी आयोगापुढे दिलेली साक्ष प्रसिद्ध आहे. बोट तीनशे यार्डांवर असताना तिच्या कडांवरून दोर लोंबत असल्यासारखे त्यांना दिसले. ती जवळ आल्यावर दुर्गंधी आली आणि ते दोर म्हणजे वाळलेली विष्ठा असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हगवण लागलेली, हातपाय मोडलेली माणसे डेकवर दाटीवाटीने पडून होती आणि त्यांना कठड्यापर्यंतही नीट सरकता येत नव्हते. मांडी मोडलेल्या एका रुग्णाच्या पायाला व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या होत्या.

याच सुमारास मोहिमेचे सरसेनापती निक्सन यांच्याकडून वर गेलेली तार अशी होती की, अडचणी असूनही वैद्यकीय व्यवस्थेने उत्तम काम केले. कार्टर यांनी लेखी तक्रार केली तेव्हा नसती लुडबुड करणारा माणूस म्हणून त्यांची हजेरी घेण्यात आली आणि अटकेची धमकी मिळाली. जून १९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

माझे म्हणणे थोडक्यात असे: या फौजेला जे आजार झाले त्यांतील बहुतेकांवरचे उपाय त्या काळी माहीत होते. अडले ते बोटी, पीठ, भाजी आणि पाणी यांच्या हिशेबात. तेव्हा फौजेतील वैद्यकाचा इतिहास हा डॉक्टरांपेक्षा कोठी खात्याचा, म्हणजे शिधा-पुरवठा खात्याचा, इतिहास म्हणून वाचायला हवा. यावर जाणकारांनी लिहावे.


डॉ. खलबत्ता

दप्तरदार, उत्तम विषय मांडलात. कूतच्या वेढ्यातील आहाराचा भाग आपण ओझरताही घेतला नाहीत, म्हणून तो जोडतो. वैद्यकाच्या दृष्टीने या मोहिमेतले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण तेच आहे.

टेसिफोनहून मागे हटलेली डिव्हिजन ३ डिसेंबर १९१५ रोजी कूतला पोचली आणि तिथे तुर्की फौजेने तिला वेढले. हा वेढा १४७ दिवस चालला. एकाच गावात, एकाच वेळी कोंडलेल्या दोन गटांचे आहार मात्र निरनिराळे होते. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचे ताजे मांस मिळत होते. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेली कणीक आणि पुढे जवाचे पीठ खात होते, पण घोड्याच्या मांसाला बहुतेकांनी नकार दिला होता, आणि ताजी भाजी कोणालाच नव्हती. परिणाम असा झाला की गोऱ्यांमध्ये बेरीबेरी दिसू लागला आणि हिंदी शिपायांमध्ये स्कर्वी.

आज याचे कारण शाळकरी मुलगाही सांगेल. धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व असते. मैदा करताना ते निघून जाते आणि मग पाय सुजणे, हातापायांतील शक्ती जाणे, हृदय कमकुवत होणे असा बेरीबेरी जडतो. क जीवनसत्त्व ताज्या भाज्या-फळांत असते आणि ताज्या मांसातही थोडेफार असते. म्हणजे घोड्याने गोऱ्यांना स्कर्वीपासून राखले आणि कणकेने हिंदी शिपायांना बेरीबेरीपासून. पुढे मैदा संपत आला आणि गोऱ्यांच्या पावातही जव व कणीक मिसळावी लागली, तेव्हा त्यांच्यातील बेरीबेरी ओसरू लागला. आधी ठरवूनही इतका स्वच्छ प्रयोग कोणाला करता आला नसता. वेढ्यातील मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी या गोष्टींची काटेकोर नोंद ठेवली, म्हणून आपल्याला त्या समजतात.

घोड्याच्या मांसाबद्दल दोन वाक्ये. टाउनशेंड यांनी बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातील धर्मगुरूंची संमती मागवली आणि ती मिळालीही. तरी एप्रिलपर्यंत बहुसंख्य शिपाई बधले नाहीत. याला केवळ सोवळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. संमती कोणा आचार्यांनी वा मौलवींनी दिली असली, तरी जाब गावच्या पारावर द्यावा लागणार होता आणि मुलीबाळींची लग्ने त्याच भाऊबंदांत व्हायची होती. ज्याला जिवंत परत जायची आशा आहे तो माणूस हा विचार करतोच.

हेहिर यांनी काठावरचा रानपाला खुडून शिजवून पाहिला, भाजीचे बी पेरून पाहिले. पण स्कर्वी इतक्याने थांबणारा नव्हता. हिरड्या सुजून दात हलू लागतात, जुन्या जखमा पुन्हा उकलतात आणि त्यातच हगवण लागली की माणूस हातचा जातो. एप्रिलमध्ये दरडोई पीठ दिवसाला ४ औंसांवर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही खाली आले. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. वेढ्यातील फौजेला हवाई मार्गाने अन्न पुरवण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न होता, पण त्या काळची विमाने नेऊन नेऊन किती नेणार? २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. उपाशी पोटांना तुर्कांनी दिलेली दगडासारखी बिस्किटे पचली नाहीत आणि शरणागतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच पुष्कळ जण तीव्र अतिसाराने मेले.


कोकमसार

डॉक्टरसाहेब, स्कर्वीच्या संदर्भात लिंबाच्या रसाची गोष्ट सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. दप्तरदारांच्या प्रतिपादनाला ती थोडी छेदही देते.

जेम्स लिंड यांनी १७४७ साली सॅलिसबरी या जहाजावर स्कर्वीच्या १२ रुग्णांवर निरनिराळे उपाय करून पाहिले आणि संत्री व लिंबे यांनी गुण येतो हे दाखवले. १७९५ पासून ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि स्कर्वी जवळजवळ नाहीसा झाला. हा रस भूमध्य सागराकडील मोठ्या, पिवळ्या लिंबांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आरमाराने वेस्ट इंडीजमधील छोट्या हिरव्या लिंबांकडे मोर्चा वळवला, कारण ती लागवड ब्रिटिश वसाहतींत होती. नाव तेच, बाटली तीच, चवीला तर अधिकच आंबट. त्यामुळे गुणही तोच असणार असे सर्वांनी धरून चालले. १८७५-७६ च्या ब्रिटिश ध्रुवमोहिमेत हा रस पिऊनही माणसे स्कर्वीने आजारी पडली, तेव्हा खरे तर शंका यायला हवी होती. मेसोपोटेमियातही सरकारने स्कर्वीवर पाठवले ते हेच पेय.

याचा छडा लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी युद्ध चालू असतानाच लावला. गिनीपिगला माणसाप्रमाणेच स्कर्वी होतो, म्हणून त्यांना ठरावीक आहारावर ठेवून निरनिराळे पदार्थ मोजून देण्यात आले. हिरव्या लिंबाच्या रसाची ताकद पिवळ्या लिंबाच्या सुमारे एक चतुर्थांश भरली, आणि तीही ताज्या रसाची. बाटलीत भरून, समुद्रमार्गे हिंडवून, बसऱ्याच्या उन्हात ठेवलेल्या रसात काय शिल्लक राहत असेल?

याच प्रयोगशाळेने आपल्या ओळखीचे तीन पदार्थ तपासले: चिंच, आमचूर आणि कोकम. हिंदी शिपायांना हे पदार्थ परवडतात, टिकतात आणि आवडतात, तेव्हा त्यांचा उपयोग होईल का, हा प्रश्न होता. ताज्या फळांच्या तुलनेत त्यांची शक्ती फार थोडी निघाली. माझ्या नावाला हे मानवणारे नाही, पण वाळवताना क जीवनसत्त्वाचा बराचसा नाश होतो, त्याला इलाज नाही.

इलाज निघाला तो कडधान्यांत. कोरड्या डाळीत वा मटकी-मसुरात स्कर्वीवर चालेल असे काहीही नसते. पण अख्खे कडधान्य चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात एक-दोन दिवस ठेवले आणि मोड आले की त्यात क जीवनसत्त्व तयार होते. चिक यांनी लष्करासाठी नेमकी हीच कृती सुचवली होती: साल असलेले दाणे घ्यावेत, मोड आले की लगेच वापरावेत आणि शिजवणे कमीत कमी ठेवावे. जिथे लिंबू पोचत नाही तिथे कडधान्याचे पोते पोचते आणि पाणी तर लागतेच. मेसोपोटेमियात या उपायाचा अवलंब झाला; सर्बियन शिपायांवर लिंबाच्या रसाशी तुलना करून पाहिली तेव्हा मोड आलेल्या शेंगवर्गीय दाण्यांनी चांगला गुण दाखवला. ज्या घरांत दर आठवड्याला मटकीला मोड काढले जातात त्या घरांतले शिपाई कूतमध्ये स्कर्वीने झिजत होते आणि त्यांच्या शिध्यात येत होती ती सोललेली डाळ, हे वाचताना चुटपूट लागते.

आता छेद कुठे जातो ते सांगते. कोठी खात्याने रस वेळेवर पोचवला असता, तरी त्याने फारसे भागले नसते. ज्ञान होते, हे विधान स्कर्वीपुरते अर्धवट आहे.


पाणंद

मी वैद्यकातला नाही. पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेले, त्यामुळे या चर्चेत पाण्याची बाजू मांडतो.

मेसोपोटेमियातील फौज तैग्रिसचे पाणी पीत होती, त्याच नदीत जनावरे धूत होती आणि तिच्याच काठावर तिचे तळ आणि शौचाच्या जागा होत्या. पलटणीच्या तळावर खेचराच्या पाठीवरच्या पखालींतून पाणी येई. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसते. परंतु पटकीच्या जंतूंचा बंदोबस्त तिने होत नाही, त्याला ब्लीचिंग पावडरच हवी. पावडरीचे गणितही सोपे नाही. पाणी जितके गढूळ, तितके क्लोरीन गाळातच खर्ची पडते. म्हणून आधी नितळणे, मग पावडर घालणे, मग अर्धा तास थांबणे हा क्रम मोडून चालत नाही. पन्नास अंशांच्या उन्हात, तहानेने जीभ टाळ्याला चिकटलेली असताना, हा अर्धा तास पाळायला लावणारा हवालदार हा माझ्या मते कुठल्याही सर्जनपेक्षा कमी महत्त्वाचा नाही. १९१६ च्या वसंतात कूत सोडवायला निघालेल्या फौजेत पटकी पसरली ती याच साखळीतली एखादी कडी निसटल्यामुळे.

या रोगांनी हुद्दा पाहिला नाही. कूतला वेढा घालणाऱ्या तुर्की फौजेचे जर्मन फील्डमार्शल फोन डेर गोल्ट्झ १९ एप्रिल १९१६ रोजी, म्हणजे कूत पडण्याच्या अवघे दहा दिवस आधी, बगदादला टायफसने वारले. दीड वर्षाने त्याच बगदादमध्ये ब्रिटिश विजेते जनरल मॉड पटकीने गेले. एका शाळेत अरबी भाषेतील नाटकाच्या प्रयोगाला ते पाहुणे म्हणून गेले असताना त्यांनी कॉफीत न तापवलेले दूध घेतले; शेजारी बसलेल्या अमेरिकन पत्रकार बाईंनी कॉफी बिनदुधाची घेतली आणि त्या वाचल्या. १८ नोव्हेंबर १९१७ रोजी मॉड यांचा मृत्यू झाला. ज्यांनी फौजेचे पाणी, बर्फ आणि इस्पितळे यांची घडी बसवली, तेच एका पेल्यातल्या दुधाने गेले.


दप्तरदार

सर्व प्रतिसादांबद्दल आभार. कोकमसार यांच्या हरकतीला उत्तर देणे आवश्यक आहे.

स्कर्वीमागचे क जीवनसत्त्व १९१६ साली कोणी वेगळे काढलेले नव्हते, हे निर्विवाद. परंतु कारण कळण्याच्या पुष्कळ आधी उपाय कळलेला असतो आणि तो उपाय अमलात आणायला सिद्धान्ताची गरज नसते. जपानचे उदाहरण पाहा. ताकाकी कानेहिरो या आरमारी वैद्याने १८८२-८३ मधील र्युजो जहाजाच्या सफरीचा हिशेब मांडला: ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ मेले. पुढच्या वर्षी त्यांनी त्सुकुबा हे जहाज त्याच मार्गाने पाठवले, मात्र पांढऱ्या तांदळाच्या जोडीला मांस, दूध आणि पाव दिला. कोणीही मेले नाही. आहारात प्रथिने कमी पडल्यामुळे बेरीबेरी होतो अशी ताकाकींची समजूत होती आणि ती साफ चुकीची होती, तरी जपानी आरमार बेरीबेरीतून मुक्त झाले. जपानी भूसेनेतील वैद्यांनी मात्र, बेरीबेरी जंतूंमुळेच होणार या जर्मन वळणाच्या शास्त्रीय हट्टापायी, पांढरा भात सोडला नाही. रशियाशी झालेल्या १९०४-०५ च्या युद्धात त्यांचे सुमारे अडीच लाख शिपाई बेरीबेरीने आजारी पडले आणि २७ हजारांच्या आसपास मेले. सिद्धान्त भूसेनेचा अधिक आधुनिक होता. शिधा आरमाराचा बरा होता.

मेसोपोटेमियाबाबतही तेच. ताजी भाजी आणि ताजे मांस मिळणाऱ्या फौजेत स्कर्वी होत नाही, हे लिंडच्याही आधीपासून दर्यावर्दींना ठाऊक होते. रस दुबळा निघाला हे मान्य. पण रस हा मुळात भाजीचा पर्याय होता आणि अमाऱ्याच्या काठावर भाजी पिकवायला कोणी मनाई केली नव्हती. १९१६ च्या उत्तरार्धानंतर तिथे लष्करी मळे झाले तेव्हा ती पिकलीच.

दुसरा मुद्दा अधिक अप्रिय आहे. हिंदी शिपाई बसऱ्याला उतरला तोच अर्धपोटी. शांततेच्या काळात त्याने स्वतःच्या पगारातून जेवायचे, अशी युद्धापूर्वीची रीत होती. चार पैसे गावी पाठवायचे म्हणजे ते पोटालाच चिमटा काढून. मोफत शिधा त्याला युद्ध अर्ध्यावर आल्यावर, १९१७ साली मिळाला. इस्पितळांचेही तसेच होते. गोऱ्या शिपायांसाठी छावणीची सुसज्ज इस्पितळे होती. हिंदी पलटणीला तिचे स्वतःचे छोटे इस्पितळ असे, जिथे प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या आणि रुग्णाची देखभाल बहुधा त्याच्याच सोबत्यांच्या गळ्यात पडे. हिंदी फौजेसाठी छावणीची इस्पितळे १९१८ मध्ये सुरू झाली. शांततेत ज्या यंत्रणेला ताप-खोकल्यापलीकडे सवय नव्हती, तिच्यावर टेसिफोनचे जखमी येऊन आदळले. हे अज्ञान नव्हते. कोणावर किती खर्च करायचा याचा आधीच घेतलेला निर्णय होता.


डॉ. खलबत्ता

शेवटच्या वाक्याशी सहमत असलो तरी एक पुस्ती जोडतो, नाहीतर डॉक्टरांकडे फक्त हिशेबनीस म्हणून पाहिले जाईल. पटकीच्या रुग्णाला शिरेतून तीव्र क्षारद्रावण देण्याची पद्धत कलकत्त्याला लिओनार्ड रॉजर्स यांनी युद्धापूर्वीच बसवली होती आणि तिने मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरवले होते. हे तंत्र हिंदुस्थानातच तयार झाले आणि मेसोपोटेमियात कामी आले. उष्माघातावरही तिथेच मोठा अनुभव जमला. १९१७ च्या उन्हाळ्यात बर्फ, पंखे आणि पाण्याचे फवारे असलेली उष्माघाताची खास ठाणी उभारण्यात आली, कारण शरीराचे तापमान उतरवायला जितका उशीर, तितका मेंदू हातचा जातो. चांगला वैद्य आणि चांगला पुरवठा यांत डावे-उजवे करण्यात हशील नाही. कर्नल हेहिर यांच्याकडे निदान होते, औषध माहीत होते. हाताशी भाजी नव्हती.


माणदेशी

साताऱ्याकडचा असल्यामुळे एक गोष्ट मांडावीशी वाटते. आमच्या भागातून या युद्धाला गेलेल्यांची संख्या मोठी आहे. अपशिंगे या एकाच गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत आणि गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. गावोगावी सांगताना प्रत्येक जण लढाईत कामी आला असेच सांगितले जाते. मेसोपोटेमियाचे वरचे आकडे पाहिले, तर तिकडे गेलेल्यांतले किती जण हगवणीने, पटकीने वा कैदेत झिजून गेले असतील, याचा अंदाज येतो.

कैदेबद्दल इथे कोणी लिहिले नाही. कूतला शरण गेलेल्यांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले. गोऱ्या शिपायांपैकी सुमारे ७० टक्के कैदेत मेले, हिंदी शिपायांपैकी किमान अडीच हजार. रास अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर राबवलेल्या कैद्यांत टायफस पसरला. कूतला पकडले गेलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील बंगाली डॉक्टर कॅप्टन कल्याण मुखर्जी तिथेच १९१७ मध्ये आजारपणात वारले. डॉक्टर होते, आजार ओळखत होते, आणि उवांनी भरलेल्या त्या छावणीत त्यांच्याकडे ना साबण होता ना कपडे उकळायला इंधन.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मरण केले आहे. त्यात हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा त्या स्मारकावर पलटणवार आकडा तेवढा आला.


कोकमसार

माणदेशी, हे लिहिलेत ते बरे केलेत. मुंबईकरांसाठी एक जोड: आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, याची इमारत बांधून झाली ती ऐन युद्धात, आणि संग्रहालयाऐवजी तिथे आधी लष्करी इस्पितळ भरले. १९२० मध्ये इमारत परत मिळाली आणि १९२२ मध्ये संग्रहालय खुले झाले. घुमटाखालच्या दालनांतून मूर्ती पाहत फिरताना हे आपल्या गावीही नसते.

दप्तरदार, तुमचा जपानचा दाखला मला पुरता पटला नाही, कारण ताकाकींना उपाय सापडला तो नशिबाने. पण वाद वाढवत नाही. या फौजेने पुढे काही धडा घेतला का, एवढे सांगा.


दप्तरदार

घेतला, आणि तो घेणारा माणूस मेसोपोटेमियात स्वतः होता. विल्यम स्लिम हे तरुण अधिकारी गॅलिपोलीत जखमी होऊन मेसोपोटेमियात आले आणि १९१७ मध्ये तिथेही जखमी झाले. तोपर्यंत मोहिमेचा ताबा लंडनच्या युद्ध खात्याकडे गेला होता आणि मॉड यांनी इस्पितळी बोटी, रेल्वे, बर्फाचे कारखाने व मळे उभे करून चित्र पालटले होते. म्हणजे एकच नदी व एकच उन्हाळा असताना केवळ व्यवस्थेने काय फरक पडतो, हे स्लिम यांना पाहायला मिळाले.

१९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चौदाव्या सैन्याची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा दर एका जखमीमागे १२० आजारी माणसे मागे पाठवावी लागत होती आणि त्यांत हिवतापाचा वाटा सर्वांत मोठा होता. या सैन्यात बहुसंख्य हिंदी शिपाई होते, मराठा पलटणीही होत्या. स्लिम यांनी प्रथम रुग्णांना हिंदुस्थानात पाठवणे थांबवले आणि आघाडीच्या मागे काही मैलांवर हिवतापाची उपचार केंद्रे उभारली, म्हणजे महिनोन्‌महिने गायब होणारा शिपाई काही आठवड्यांत पलटणीत परत येऊ लागला. दुसरे, मेपाक्रीन या हिवतापावरील औषधाची गोळी रोज घेणे सक्तीचे केले. या गोळीने कातडी पिवळी पडते आणि पुरुषत्व जाते अशी आवई उठली होती. पहिली गोष्ट खरी होती, दुसरी खोटी, आणि शिपाई गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकत. स्लिम अचानक एखाद्या पलटणीत जाऊन प्रत्येक माणसाचे रक्त तपासायला लावत. ठरावीक प्रमाणापेक्षा कमी जणांच्या रक्तात औषध सापडले की डॉक्टरला नव्हे, तर पलटणीच्या कमांडिंग अधिकाऱ्याला बडतर्फ करीत. असे तिघे घरी गेल्यावर उरलेल्यांना अर्थ समजला. पुढे डीडीटीही हाताशी आली. दिवसाला दर हजारी १२ माणसे आजारी पडत होती, ते प्रमाण १९४५ पर्यंत हजारी एकावर उतरले.

गोळी तीच आणि डास तेच होते. आजारपणाचा जाब कोणाला द्यावा लागणार, एवढीच एक ओळ हुकमात बदलली होती. १९१५ साली हा जाब कार्टर यांच्यासारख्या तक्रार करणाऱ्याला द्यावा लागत होता.